तबकडीचा मूळपुरुष

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीनं एक साधी गोष्ट मागितली. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या आईच्या पणतीला, आईचा आवाज ऐकवायचा होता. तो माझ्याकडे आहे हे साऱ्या घराला ठाऊक होतं. २००९ साली सांगलीला आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा पुतण्यानं कॅमेऱ्यावर सगळा सोहळा टिपला होता. दुपारी पाहुणे पांगल्यावर आई माजघरात बसली आणि कुणी आग्रह न करता तिनं जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली. समोर जातं नव्हतं. पण खुंटा धरल्यासारखा तिचा उजवा हात फिरत राहिला. चाळीसेक मिनिटं हे चाललं होतं.

त्या चित्रणाची डीव्हीडी मी केली होती. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो, रात्री कादंबरी लिहीत होतो, आणि संगणक ही नवी आवड लागली होती. संगणकाबरोबरच एक प्रोग्रॅम आला होता. त्यात चित्रणाचे तुकडे जोडायचे, त्यांना मथळे द्यायचे, सुरुवातीला अनुक्रमणिकेसारखा एक पडदा करायचा आणि कोरी तबकडी आत सरकवायची. मी पडद्यावर आईचा लग्नातला फोटो लावला, खाली पूजा, औक्षण, ओव्या अशी तीन बटणं केली. एक तबकडी व्हायला रात्र लागे. मध्येच वीज गेली की तबकडी बाद. अशा बाद तबकड्या आमच्या गॅलरीत कबुतरं हाकलायला बरीच वर्षं लटकत होत्या. तरीही महिनाभरात मी बावीस प्रती काढल्या आणि नातेवाइकांना वाटल्या. आई २०१३ साली गेली.

दिवाळीत मी माझी प्रत काढली तेव्हा पहिली अडचण अशी, की घरात ती घालायला भोकच नव्हतं. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, टीव्हीखालचा प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत आणला. पडदा आला, आईचा लग्नातला फोटो आला. ओव्यांचं बटण दाबलं, आई बोलायला लागली, आणि अकराव्या मिनिटाला चित्राचे चौकोन होऊन सगळं गोठलं. मूळ कॅसेटवर पुतण्यानं पुढे कुणाचं तरी लग्न घेतलं होतं. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क मात्र मी जपून ठेवली होती. तीत त्या डीव्हीडीची प्रोजेक्ट फाइल सापडलीही. पण तो प्रोग्रॅम आता नव्या संगणकावर मिळत नाही, आणि मिळाला असता तरी उपयोग नव्हता. कारण त्या फाइलमध्ये चित्रण नसतं, चित्रण कुठे ठेवलंय त्याचे फक्त पत्ते असतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खतावणीत पान क्रमांक होता, ते रजिस्टरच रद्दीत गेलं होतं.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा ही तबकडी मुळात काढली कुणी, याचा मी शोध घेऊ लागलो. एडिसनचं नाव आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण एडिसनचा फोनोग्राफ नळकांड्याचा होता. सपाट, गोल, एकावर एक रचून ठेवता येणारी तबकडी ज्यानं दिली त्या एमिल बर्लिनरचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. कुत्रा आणि कर्णा मात्र घराघरांत पोचला.

बर्लिनरचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. वडील सॅम्युअल व्यापारी आणि धर्मग्रंथांचे अभ्यासक, आई सारा हिला संगीताची जाण. तेरा भावंडांतला हा चौथा. इतक्या मोठ्या घरात शिक्षण चौदाव्या वर्षी संपलं यात नवल नाही. पोरगा आधी छापखान्यात, मग कापडाच्या दुकानात कामाला लागला. १८७० साली, एकोणिसाव्या वर्षी, तो अमेरिकेला गेला. फ्रान्सशी युद्ध पेटण्याची चिन्हं होती, सैन्यात भरती व्हायची त्याची इच्छा नव्हती, आणि घरच्यांच्या ओळखीच्या एका माणसाचं वॉशिंग्टनमध्ये कापडाचं दुकान होतं. त्या दुकानात तो कारकून झाला.

पुढची सहा-सात वर्षं त्यानं मिळेल ते केलं. न्यूयॉर्कला गेला, फिरता विक्रेता झाला, एका रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचं काम केलं. तो रसायनशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन फालबर्ग, पुढे सॅकरिनच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो. रात्री कूपर इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात बसून बर्लिनर वीज आणि ध्वनीवरची पुस्तकं वाचायचा. पदवी नाही, गुरू नाही. दिवसा काउंटरवर आणि रात्री पुस्तकात, हे आयुष्य मला परक्याचं वाटलं नाही, एवढं आपलं सांगून ठेवतो.

१८७६ साली तो वॉशिंग्टनच्या दुकानात परतला. त्याच वर्षी बेलचा टेलिफोन लोकांना प्रथम दिसला होता. यंत्र अद्भुत, पण आवाज क्षीण. बर्लिनरचा एक परिचित आगीच्या सूचना देणाऱ्या तारखात्यात होता. त्याच्याशी बोलताना बर्लिनरला कळलं, की तारेची कळ जोरात दाबली तर विजेचा प्रवाह जास्त जातो. झालं. आवाजाच्या लहरींनीच ही दाबण्याची क्रिया करवून घेतली तर? सैलसर संपर्कात असलेल्या दोन धातूंमधला दाब आवाजाप्रमाणे कमीजास्त होईल आणि प्रवाहही तसाच हलेल. साबणाच्या खोक्याची लाकडी पाटी वापरून त्यानं राहत्या खोलीत हे यंत्र उभं केलं आणि १४ एप्रिल १८७७ रोजी पेटंट कचेरीत प्राथमिक अर्ज स्वतःच लिहून दिला. वकिलाला द्यायला पैसे नव्हते. हा त्याचा मायक्रोफोन. १८७८ साली बेलच्या कंपनीनं त्याला नोकरीत घेतलं आणि त्याच्या शोधाचे हक्कही घेतले. या पेटंटवरून पुढे कज्जे इतके चालले, की खुद्द अमेरिकन सरकारनं ते रद्द करून मागितलं. १८९७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा दावा फेटाळला. बर्लिनरचं आयुष्य वाचताना कोर्टाची पायरी वारंवार लागते.

१८८१ साली त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, त्याच वर्षी कोरा अॅडलरशी लग्न झालं, आणि त्याच सुमारास हॅनोव्हरला जाऊन भाऊ जोसेफबरोबर त्यानं टेलिफोनचा कारखाना काढला. पुढे त्यानं बेलच्या कंपनीतली नोकरी सोडली. पस्तिशीच्या आतबाहेरचा, खाऊनपिऊन सुखी माणूस. इथेच थांबला असता तर कुणी नावं ठेवली नसती.

आता आपल्या विषयाकडे येतो. एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ काढला होता. त्यात फिरणाऱ्या नळकांड्यावर कथलाचा पत्रा असे आणि सुई त्यात आवाजाप्रमाणे खोल-उथळ खड्डे पाडत जाई. नंतर बेलच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी पत्र्याऐवजी मेण आणलं आणि १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं. दोन्हींत एक दोष होता. नळकांड्याची प्रत काढणं जिकिरीचं. गायकाला एकाच गाण्यासाठी चार-सहा यंत्रांच्या कर्ण्यांसमोर उभं करायचं आणि तेच गाणं दिवसभर पुन्हापुन्हा गाऊन घ्यायचं, असा त्या काळी धंदाच होता.

बर्लिनरनं तिसरीच वाट धरली. त्याच्याही आधी, १८५७ साली, फ्रान्समधल्या स्कॉट नावाच्या माणसानं काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची नागमोडी रेघ उमटवली होती. ती रेघ फक्त बघायची, ऐकायची सोय नव्हती. बर्लिनरनं विचार केला, की खोल-उथळ खड्ड्यांऐवजी अशी डावी-उजवीकडे हलणारी रेघ सपाट चकतीवर काढली आणि तीच रेघ धातूत कोरून घेतली, तर सुई त्या चरातून आपोआप चालत जाईल. जस्ताची चकती घ्यायची, तिच्यावर मेणाचा अगदी पातळ थर द्यायचा, सुईनं त्या थरावर रेघ ओढायची आणि मग चकती आम्लात बुडवायची. जिथे मेण निघालंय तिथेच आम्ल जस्त खातं. आपले जुने ठसे करणारे कारागीर ब्लॉक करायचे त्यातलाच हा प्रकार. मेणात कोरणं टाळल्यामुळे दुसऱ्यांचं पेटंटही आड येत नव्हतं. आणि खरी गोम पुढेच आहे. या जस्ताच्या चकतीवरून उलटा ठसा घेता येतो, आणि त्या ठशानं छापखान्यात कागद छापावा तशा हव्या तेवढ्या तबकड्या दाबून काढता येतात. गायकानं एकदाच गायचं. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला पेटंट मिळालं. यंत्राला नाव दिलं ग्रामोफोन.

१६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यानं या यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि व्याख्यान दिलं. हे व्याख्यान मी दोनदा वाचलं. त्यात त्यानं भविष्य सांगितलं होतं. गावोगाव ग्रामोफोनच्या कचेऱ्या निघतील, लोक तिथे जाऊन बोलतील, गातील, आणि आपल्या आवाजाच्या प्रती स्नेह्यासोबत्यांना पाठवतील. नामवंत गायकांना त्यांच्या तबकड्यांवर मानधन मिळत राहील. आणि घराघरांत माणसाचं आख्खं आयुष्य वीस मिनिटांत साठवलं जाईल. पाच मिनिटं बाळाचे बोबडे बोल, पाच मिनिटं मुलाचा उत्साह, पाच मिनिटं प्रौढाचे विचार आणि शेवटची पाच मृत्युशय्येवरच्या क्षीण आवाजाची. १८८८ सालच्या एका माणसानं माझ्या बावीस प्रतींचं वर्णन करून ठेवावं, याचं मला त्या रात्री फार नवल वाटलं.

पण हे भविष्य त्याच्याच हातून घडलं नाही. एडिसनच्या यंत्रावर ऐकताही येई आणि स्वतःचा आवाज भरताही येई. बर्लिनरच्या घरगुती यंत्रावर फक्त ऐकता येई. मुद्रण कंपनीच्या खोलीत, जस्त आणि आम्ल तिथल्या लोकांच्या हातात. प्रती स्वस्त झाल्या त्याची किंमत ही, की घरच्या माणसाच्या हातून लेखणी गेली आणि नुसतं पुस्तक राहिलं. ती लेखणी परत यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. हा माझा हिशेब आहे, बर्लिनरच्या चरित्रकारांनी असं म्हटलेलं नाही.

यंत्र विकणं सोपं गेलं नाही. पहिली विक्री जर्मनीत झाली ती खेळणं म्हणून. वाल्टर्सहाउझेनच्या एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीनं हातानं फिरवायचा ग्रामोफोन बाजारात आणला. त्याच्या तबकड्या सुमारे साडेबारा सेंटिमीटरच्या होत्या. आपली सीडी बारा सेंटिमीटरची. मी माझ्या डीव्हीडीवर फूटपट्टी ठेवून पाहिली.

अमेरिकेत १८९५ साली फिलाडेल्फियात बर्लिनर ग्रामोफोन कंपनी निघाली. सुरुवातीला तबकड्या कडक रबराच्या होत, त्या वाकायच्या, घसरायच्या. मग लाखेच्या मिश्रणाची कल्पना आली, आणि त्या तबकड्या दाबून दिल्या गुंड्या बनवणाऱ्या एका कारखान्यानं. लाख म्हणजे आपल्या छोटा नागपूरच्या जंगलात पळस आणि कुसुमाच्या झाडांवर किड्यांनी केलेली. पुढची पन्नासएक वर्षं जगातल्या तबकड्यांना भारतातली लाख लागत राहिली. दुसरी अडचण वेगाची होती. हातानं फिरवताना गती सांभाळता येत नसे आणि गायक कधी घोगरा, कधी बायकी आवाजात गाई. कॅमडन गावच्या एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या यांत्रिकानं १८९६ साली स्प्रिंगची मोटर करून दिली. चावी द्या आणि ऐका. धंदा चालू लागला.

आणि इथेच घात झाला. विक्रीची जबाबदारी बर्लिनरनं फ्रँक सीमन नावाच्या एका जाहिरातवाल्याला एकहाती देऊन टाकली होती. बँकेत असताना असे करार माझ्या टेबलावर आले की मी कर्जदाराला विचारायचो, माल तुमचा, पेटंट तुमचं, मग गिऱ्हाईक एकाच माणसाच्या खिशात का ठेवता? सीमनला यंत्रं स्वस्तात, आपल्या सोयीनं हवी होती. बर्लिनर जॉन्सनला सोडेना. तेव्हा सीमननं झोनोफोन नावाचं तसंच दुसरं यंत्र काढलं, मेणाच्या पेटंटवाल्या प्रतिस्पर्ध्यांशी संधान बांधलं, आणि ग्रामोफोन हे त्यांच्या पेटंटचं उल्लंघन आहे असं कोर्टात स्वतःच कबूल करून टाकलं. १८९६ च्या कराराचा आधार घेऊन त्यानं वर मनाईहुकूमही मिळवला. १९०० च्या जूनपासून बर्लिनरला अमेरिकेत स्वतःचा ग्रामोफोन विकायची बंदी झाली. ग्रामोफोन हा शब्दही तिथे मागे पडत गेला. तो आपल्याकडे आणि इंग्लंडात उरला.

दुसरा एखादा खचला असता. बर्लिनर कॅनडात मॉन्ट्रियलला गेला आणि तिथे कंपनी काढली. पेटंटचे हक्क जॉन्सनकडे जाऊन १९०१ साली व्हिक्टर कंपनी उभी राहिली. तीत बर्लिनरला हिस्सा मिळाला, पण लगाम त्याच्या हातात नव्हता. कुत्र्याचं चित्र फ्रान्सिस बॅरॉड या इंग्लिश चित्रकाराचं. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं ते १८९९ साली घेतलं आणि १९०० च्या जुलैमध्ये बर्लिनरनं ते अमेरिकेत आपल्या नावावर नोंदवून घेतलं. म्हणजे धंदा बंद पडला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात.

आपल्याकडे हा सगळा व्यवहार कसा आला तेही सांगितलं पाहिजे. बर्लिनरच्या हाताखाली फ्रेड गायसबर्ग नावाचा तरुण पियानोवादक होता. १८९८ साली तो लंडनला गेला आणि १९०२ च्या अखेरीस जहाजानं कलकत्त्यात उतरला. तिथे त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तिच्या तबकड्यांवर गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगते ते पुष्कळांनी ऐकलं असेल. त्याचं कारण साधं होतं. ठसे हॅनोव्हरला जायचे, तिथल्या कामगारांना ही कोण बाई गातेय ते कळायला हवं. हॅनोव्हरचा तो कारखाना बर्लिनर भावांचाच. १८९८ साली जोसेफ आणि एमिल यांनी तिथे डॉइचे ग्रामोफोन कंपनी स्थापन केली होती. कलकत्त्याला सियालदाहचा कारखाना १९०८ साली निघाला, डमडमचा १९२८ साली. बालगंधर्वांचं पद तीन-साडेतीन मिनिटांत बसवायची कसरत सुरू झाली ती या बर्लिनरच्या चकतीच्या मापामुळे. माझे आजोबा सणावाराला शेजारच्या वकिलांकडे तबकडी ऐकायला जात. त्यांना हे माप जाचत असे, असं आई सांगायची.

बर्लिनरचं उत्तरायुष्य मला सगळ्यात आवडलं, तरी चरित्रांत त्याला जागा थोडी मिळते. त्याची धाकटी मुलगी लहानपणी पोटाच्या विकारानं फार आजारी पडली. त्या काळी अमेरिकेच्या शहरांतही उन्हाळ्यात तान्ही मुलं अशी दगावत, आणि कारण बहुतेक वेळा कच्चं दूध. मुलगी वाचली. बापानं मात्र हा विषय सोडला नाही. दूध तापवून घ्या, पाश्चरीकरण करा, म्हणून त्यानं वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून मजकूर छापला, पदरचे पैसे घातले, डेअरीवाल्यांशी वाद घातले. १९१९ साली मुलांना स्वच्छता शिकवणाऱ्या बालगीतांचं पुस्तकही काढलं. आईच्या नावानं त्यानं संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. आणि हे कमी म्हणून की काय, मुलगा हेन्रीबरोबर हेलिकॉप्टरच्या मागे लागला. १९२२ साली मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला त्यांचं यंत्र लोकांसमोर जमिनीवरून उचललं गेलं. तेव्हा बाप एकाहत्तर वर्षांचा होता.

३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो गेला. अंत्यविधीवर पैसा उधळणं त्याला पाप वाटे, तसं त्यानं घरच्यांना आधीच लिहून ठेवलं होतं. तो पैसा तान्ही मुलं असलेल्या गरीब आयांना द्यावा आणि आपल्याला मावळतीच्या वेळी मातीत ठेवावं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एडिसनच्या कंपनीनं गाण्यांच्या नळकांड्यांचं आणि तबकड्यांचं उत्पादन थांबवलं. तबकडीच्या कुळातला पहिला भाऊबंद असा घरातूनच गेला.

यानंतरची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची. लाखेची तबकडी गेली, प्लॅस्टिकची लाँगप्ले आली, कॅसेट आली. १७ ऑगस्ट १९८२ रोजी जगातली पहिली विक्रीची सीडी दाबून निघाली ती हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेनच्या कारखान्यात, आणि तो कारखाना बर्लिनर भावांनी काढलेल्या त्या जुन्या कंपनीच्याच वारसांचा. सुईच्या जागी लेसर आला, बाकी सपाट, गोल, ठशानं दाबलेली तबकडी तीच.

मग पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती लेखणी घरी परत आली. कोऱ्या तबकडीवर रंगद्रव्याचा थर असतो, लेसर तो जाळत जातो. जळलेल्या आणि न जळलेल्या ठिपक्यांची ओळ म्हणजे आपलं गाणं किंवा चित्रण. म्हणून तर पोरं तबकडी बर्न केली म्हणायची. नुसतं जाळून भागत नाही, चित्रणाला डीव्हीडीचं व्याकरण शिकवणारा प्रोग्रॅम लागतो. विंडोजच्या व्हिस्टा आणि सेव्हन या आवृत्त्यांबरोबर डीव्हीडी मेकर येत असे. २०१२ सालच्या विंडोज एटमधून तो काढून टाकला. अॅपलचा आयडीव्हीडी २०११ च्या सुमारास बंद झाला. व्यावसायिक लोक वापरत तो अडोबीचा एन्कोअर २०१२ च्या आवृत्तीनंतर पुढे सरकला नाही. अॅपलनं २०१६ साली ड्राइव्ह असलेला आपला शेवटचा लॅपटॉपही विकणं थांबवलं. नोएडाची मोझर बेअर जगातल्या मोठ्या तबकडी उत्पादकांत गणली जायची, अठ्ठावीस-चौतीस रुपयांत तिचे सिनेमे स्टेशनबाहेर मिळत. २०१८ साली ती अवसायनात काढायचा हुकूम झाला. नेटफ्लिक्सची मूळ सेवा टपालानं डीव्हीडी पाठवण्याची, ती २०२३ च्या सप्टेंबरात थांबली. सोनीनं कोऱ्या ब्लू-रे तबकड्या करणं २०२५ साली सोडलं. गंमत म्हणजे अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा जुन्या पद्धतीच्या लाँगप्ले जास्त विकल्या गेल्या. सुई आणि चर टिकले.

ते टिकण्यात एक मर्म आहे. बर्लिनरच्या एका तबकडीचं चित्र १८९० साली एका जर्मन साप्ताहिकात शाईनं छापलं होतं. काही वर्षांपूर्वी एका अमेरिकन अभ्यासकानं ते छापील पान स्कॅन केलं आणि त्या रेघेतून आवाज काढला. कविता म्हणणारा आवाज खुद्द बर्लिनरचा. तबकडी हातात नसताना, नुसत्या कागदावरून. कारण त्याची रेघ डोळ्यांना दिसते. माझ्या डीव्हीडीवरची रेघ मी भिंगातून पाहिली, तिथे फक्त जांभळट चकाकी आहे. कडेला एका बाजूनं तो रंग फिकट झालाय, तेच बहुधा अकरावं मिनिट.

मात्र त्याच्या पहिल्या कल्पनेचा मला उपयोग झाला. एकाच्या अनेक प्रती. मी बावीस जणांची यादी काढली आणि एकेकाला फोन करत सुटलो. सहा जणांना अशी काही तबकडी मिळाल्याचं आठवतच नव्हतं. चौघांनी घर बदलताना टाकून दिली होती. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, की ती आंब्याच्या झाडाला पाखरांसाठी बांधली. पाच जणांनी आणून दिल्या, त्यांपैकी तीन उघडल्याच नाहीत, एक सतराव्या मिनिटापर्यंत आली आणि एकीत पूजा, औक्षण धडधाकट, पण ओव्यांच्या बटणापुढे काही नाही. बाकीचे काही आता हयात नाहीत, त्यांच्या मुलांना काही विचारायला मला संकोच वाटला.

शेवटी मिरजेला मावशीकडे गेलो. मावशी आता एक्याऐंशीची. आईच्या पाठची, सगळ्यांत धाकटी. तिच्या घरी डीव्हीडीचा प्लेअर कधीच नव्हता. तबकडी दिली तेव्हा तिनं ती जुन्या नऊवारीच्या घडीत गुंडाळून लोखंडी पेटीत, खाली आईच्या पत्रांबरोबर ठेवली होती. सोळा वर्षं तिच्यावर ना ऊन पडलं होतं, ना कुणाचं बोट लागलं होतं. तिथेच पेटीवर लॅपटॉप ठेवला, ड्राइव्ह जोडला, बटण दाबलं. अकरावं मिनिट गेलं. सतरावं गेलं. मावशी पडद्याकडे बघतच नव्हती. खाली मान घालून ती आईच्या बरोबरीनं ओव्या म्हणत होती आणि दोन ठिकाणी आई चुकली तिथे थांबून तिनं दुरुस्त्याही केल्या. चाळीस मिनिटं पूर्ण झाली. भाच्यांच्या, पुतण्यांच्या फोनवर ते सगळं त्याच रात्री पोचलं, तीन ठिकाणी मी वेगळ्या प्रतीही ठेवल्या.

निघताना मावशीनं तबकडी परत मागितली. तिच्याकडे ती लावायला काहीही नाही, हे मी तिला सांगितलं. ते तिला ठाऊक होतं. मी ती पुसून दिली, आणि तिनं पेटी उघडून नऊवारीच्या त्याच घडीत ठेवली.